जाळीच्या जागी भिंत होऊ नये म्हणून

मी, फौझिया तिजानी गरगूरी, वय वर्षे एकोणसाठ, धंदा टेनिस (गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून फक्त शिकवणे), राहणार ला गुलेत, बंदरामागची गल्ली, ट्युनिशिया आणि इटली या दोन्ही देशांची रीतसर नागरिक, आज लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. उलट सकाळपासून मीच सगळ्यांना दटावते आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

मरायची मला अजिबात घाई नाही. पण आज सकाळी मी कॉफी पीत असताना माझा धाकटा भाऊ हमादी एका गवंड्याला, उस्ता मबरूक यांना, घेऊन माझ्या कोर्टवर आला आणि जाळीखालच्या रेषेवर टेप लावून माप घेऊ लागला.

"काय चाललंय रे?" मी खिडकीतून ओरडले.

"काही नाही गं ताई, नुसतं माप. भिंत तू गेल्यावर."

पलीकडून माझी मामेबहीण नुन्झिया कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नीट मोज. माझ्या बाजूला अर्धी वीट जरी आली ना, तर तुझ्या डोक्यात घालीन!"

म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: मी डोळे मिटले की कोर्टच्या मधोमध भिंत. ती होऊ नये, एवढ्यासाठी हा कागद. वकील मादाम सिहेम यांना मी फोन केला, तर त्या घरातल्या चपलांवरच धावत आल्या.

कलम १. कोर्टविषयी. बाबांचं घर आणि सारोमामाचं घर एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत, मधे दोघांची परसं. बाबांनी मामाच्या बहिणीशी लग्न केलं, तेव्हा दोघांनी मधली भिंत पाडली, लाल माती अंथरली आणि भिंतीच्या जागी जाळी बांधली. दोघांनाही टेनिसचं भारी वेड. खेळता एकालाही येत नव्हतं. पहिली जाळी बंदरातल्या कोळ्यांची होती. मी पाच वर्षांची होईपर्यंत टेनिसला मासळीचाच वास असतो, अशी माझी समजूत होती.

कलम २. माझे दोन पासपोर्ट. ट्युनिशियाचा जन्माने, इटलीचा सतराव्या वर्षी आईकडून. एकाने मला सफाक्स आणि कैरोत खेळवलं, दुसऱ्याने पालेर्मो आणि बारीत. बोटीवरून उतरले की दोन्हीकडचे कस्टमवाले माझे मोजे झाडायचे आणि दोन्हीकडे लाल मातीच निघायची. दोन्ही पासपोर्ट ज्या त्या सरकारला आभारपूर्वक परत करावेत. माझा जागतिक क्रमांक एकदा, नऊ दिवस, दोनशे बारा होता. तो कुणालाही द्यायचा नाही.

कलम ३. रॅकेटला तार भरायचं यंत्र क्लबातल्या सआदियाला, कारण त्याला कुणी न सांगता तेल घालणारी तीच एक आहे. सूसच्या ज्या रेषेवरच्या पंचाने १९८६ साली माझा आत पडलेला चेंडू बाहेर दिला, त्याला माझा चष्मा. वाचायचा आहे, पण त्याला तोही चालेल.

कलम ४. आता खरी गोष्ट. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही आणि आज सांगताना मला हसू आवरत नाही. मादाम सिहेम म्हणतात, दस्त गंभीरपणे लिहावा. प्रयत्न करते.

१९८८ साली ट्युनिसला भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांची स्पर्धा होती. मला अचानक आनंद द्यावा म्हणून बाबांनी ट्युनिशियाकडून माझा गुपचूप अर्ज भरला. मला अचानक आनंद द्यावा म्हणून सारोमामाने इटलीकडून माझा गुपचूप अर्ज भरला आणि आडनाव आपल्या घराण्याचं लावलं. ड्रॉ सगळ्यांसमोर टोपीतून चिठ्ठ्या काढून व्हायचा. पहिली चिठ्ठी निघाली, गरगूरी. तिच्यासमोर दुसरी निघाली, स्पाताफोरा. बाबांनी टाळ्या वाजवल्या, मामाने टाळ्या वाजवल्या. पहिल्याच फेरीत माझी गाठ माझ्याशी पडली होती.

मुख्य पंच माल्टाचे एक दमलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, "उद्या दहाला दोन्ही पोरी कोर्टवर पाहिजेत. येणार नाही ती बाद."

दहाला मी गेले. एका बाजूच्या बाकांवर सगळे गरगूरी, दुसऱ्या बाजूला सगळे स्पाताफोरा. पंचांनी विचारलं, "कोण आलंय?" मी म्हटलं, "मी." त्यांनी उसासा टाकला, "एक आली, एक नाही आली," असं लिहिलं आणि नावाची जागा कोरीच ठेवून मला पुढे पाठवलं. पुढे मी चार सामने जिंकले! अंतिम सामन्यात एका ग्रीक मुलीने मला चोपलं, पण तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर आठवडा होता.

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "खरं सांग पोरी, कुणाच्या नावानं खेळलीस?"

मी म्हटलं, "तुमच्या."

तासाभराने मामाने विचारलं. मी म्हटलं, "तुझ्याच की, मामा."

दोघेही सुखाने झोपले. पण दाढीला दोघे एकाच न्हाव्याकडे जायचे, हे मी विसरले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दाढ्या करून दोघे रस्त्यावर आले. दोघेही एकमेकांना खोटारडा म्हणत होते, आणि खोटी एकटी मी होते. आई तेव्हा नव्हती. असती तर तिने दोघांना एका वाक्यात गप्प केलं असतं. त्यांना जाळीच्या जागी भिंत हवी झाली, पण ती कुणाच्या जमिनीत यावी यावर जमेना. शेवटी दुसऱ्याला मिळू नये म्हणून दोघांनी कोर्टची आपापली बाजू माझ्याच नावावर केली. अशी मी मालकीण झाले.

एकोणीस वर्षं ते बोलले नाहीत. बाबांची मयत निघाली तेव्हा सारोमामा टोपी हातात घेऊन जाळीच्या पलीकडे उभा होता. त्याने जाळी ओलांडली नाही. मी त्याला बघत होते. माझ्या दोन शब्दांनी त्याला तिथे अडवलं होतं. तेव्हाही मी बोलले नाही. याची मला लाज वाटते, आणि हे वाक्य मादामनी खोडायला सांगितलं तरी मी खोडणार नाही.

कलम ५. कोर्टची वाटणी. कायद्याने मला माझ्या मालमत्तेचा तिसरा हिस्साच मनाप्रमाणे देता येतो, बाकीचं भावाचं. म्हणून त्या हिश्शातून (तेवढं त्यात बसतं) कोर्टचा अर्धा भाग नुन्झियाला देते: हमादीच्या दाराला लागून असलेला. उरलेला, नुन्झियाच्या स्वयंपाकघराला लागून असलेला, हमादीकडे जाईल. आपल्या जागेवर जायला प्रत्येकाला दुसऱ्याची जागा तुडवावी लागेल. घाला आता भिंत!

कलम ६. माती दाबायचा लोखंडी रोलर दोघांना मिळून. एकट्याने तो हलत नाही, आणि पाणी मारून रोलर फिरवला नाही तर कोर्ट महिनाभरात भेगाळतं.

इथवर लिहून झालं. मला लिहिताना मोठ्याने म्हणायची सवय आहे, आवाज कोर्टवर कमावलेला आहे आणि खिडकी सताड उघडी होती. बाहेरचं मोजणं केव्हाच थांबलं होतं, ते माझ्या आत्ता ध्यानात आलं.

"ताई," हमादी खालून म्हणाला, "दोघांनाही तेच सांगितलंस?"

"दोघांनाही."

"सदतीस वर्षं!" नुन्झिया कडाडली. "सदतीस वर्षं तुमच्याकडून शुक्रवारच्या कुसकुसचं ताट आलं नाही! माझी आई दर शुक्रवारी दाराकडे बघत बसायची."

"मग तुमच्याकडून तरी कुठे ईस्टरचा केक आला?"

"आला असता तर खाल्ला असतास?"

"दोन खाल्ले असते," हमादी म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला.

मादाम सिहेम म्हणतात, हे संभाषण मृत्युपत्रात बसत नाही. मी बसवलं आहे.

"लल्ला फौझिया," उस्ता मबरूक अदबीने म्हणाले, "मग भिंतीचं काय करू? मी आज दिवसभर मोकळा आहे."

"वर या आणि साक्षीदार म्हणून सही करा," मी म्हटलं.

ते निघाले, तेवढ्यात हमादी जाळीपाशी गेला. वरून ओलांडायला पोट आड आलं, म्हणून खालून शिरला आणि मधेच अडकला. चोपन्न वर्षांचा माणूस! नुन्झिया धावली आणि त्याला शिव्या देत देत तिने जाळी उचलून धरली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि आता हसता हसता सही करते आहे, म्हणून ती वाकडी आली तरी माझीच समजावी.

स्थळ: ला गुलेत. तारीख: १२ एप्रिल २०२५.

सही: फौझिया तिजानी गरगूरी

साक्षीदार १: सिहेम जेर्बी, वकील.

साक्षीदार २: उस्ता मबरूक अयारी, गवंडी. यांच्या सहीला उशीर झाला, कारण ते जाळीचं दुसरं टोक धरून उभे होते.