वरची पट्टी

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील आणि भावोजींचा खोकला एव्हाना आटोक्यात आला असेल, असं धरून चालते. मी मजेत आहे, गुडघे सोडले तर. त्यांच्यापायी पियानो ट्यूनिंगची कामं बंद केली ती केलीच, हे तुला माहीत आहे.

फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस. अगं, फोनवर धड बोलणं होतच नाही. आणि पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही, हा केवढा फायदा!

आता तुझ्या 'खेळण्या'विषयी. "या वयात ते कम्प्युटरचं खेळणं कशाला, आवर ते घर आणि माझ्याकडे ये," असं तू लिहिलंस. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला सारखाच राग आला.

बाबांचा पियानो संपला, ताई. आतली मोठी फळी उभी तडकली आणि खुंट्या तारा धरेनात. लोकांच्या घरी जाऊन मी कितीदा सांगितलं असेल की आता यात जीव नाही, उगाच दुरुस्त करत बसू नका. स्वतःला ते सांगताना मात्र मी पियानोभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. मग तुझ्या लेकीनेच कीबोर्ड निवडून दिला. पट्ट्या खऱ्यासारख्या जड आहेत, पण त्याचा स्वतःचा आवाज म्हणजे पत्र्याचा डबा. तर हल्ली आवाज वेगळे विकत मिळतात. कोणीतरी एखाद्या खऱ्या पियानोची एकेक पट्टी, हळू, जोरात, अशी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असते. तो आवाज लॅपटॉपवर घ्यायचा, कीबोर्ड जोडायचा आणि हेडफोन लावून वाजवायचं. आधी थोडे दिवस वाजवून बघता येतं.

मी तीन आणले आहेत. पहिला भला मोठा ग्रँड पियानो. तो वाजवला की आपण बैठकीच्या खोलीत नसून रिकाम्या सभागृहात बसलोय असं वाटतं. दुसऱ्याच्या तारांवर पडणाऱ्या हातोड्यांना जाड कापड लावलंय. कोणी रजईत तोंड खुपसून गावं तसा. तिसरा जुना, घरगुती, उभा पियानो. त्यात पायाखालच्या पेडलची करकरसुद्धा भरली आहे. जी करकर घालवण्यात माझा जन्म गेला, ती आता मी विकत घ्यायची!

पण तिघांचं एक दुखणं समान आहे: वरच्या पट्ट्या मेलेल्या. नुसती टकटक, सूर नाहीच. काम झालं की सगळ्यात वरची पट्टी वाजवायची, तिचा सूर विरेपर्यंत थांबायचं आणि मगच झाकण लावायचं, हा बाबांचा शिरस्ता मी अजून पाळते. इथे विरायला काही असेल तर ना! मी तिन्ही विक्रेत्यांना खरमरीत लिहिलं. एकाचं उत्तर आलं की आजवर अशी तक्रार कोणीच केलेली नाही. कशी करतील? लोकांना कान कुठे असतात?

तर मी येत नाही. मनासारखा आवाज मिळेपर्यंत तरी नाहीच, आणि मिळाल्यावर तर मुळीच नाही.

तुझी हट्टी धाकटी


२१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधी खुर्चीवर बस आणि मग वाच. तुझ्या लेकीने तुला काही सांगितलं नसेल, कारण मी तिच्याकडून तसं वचन घेतलं होतं. तिला रागावू नकोस.

ती रविवारी आली. मला साक्षीदार हवा होता. तिला हेडफोन घालून बसवलं, वरची पट्टी दाबली आणि म्हटलं, "सांग, सूर मेलाय की नाही?"

"छान वाजतंय की, मावशी."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. काचेच्या पेल्याला चमचा लागल्यासारखं वाजतंय."

मी दुसरा आवाज लावला, मग तिसरा. तिने हेडफोन काढले आणि माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला आणि तिला म्हटलं, तुझेच कान तपासून घे. तिचे डोळे भरून आले होते, ताई, आणि तेव्हा मला पुढे भांडता येईना.

आता खरं सांगते. माझे गुडघे ठणठणीत आहेत. कामं बंद केली, कारण एका संगीतशिक्षिकेने मी लावलेला पियानो वरच्या अंगाला बेसूर आहे असं सांगितलं. मी तिच्याशी कडाकडा भांडले, घरी आले आणि ट्यूनिंगची किल्ली कपाटात ठेवून दिली. मला कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. फोनवर तुझे अर्धे शब्द निसटतात, म्हणून ही पत्रं. कानाचे डॉक्टर म्हणाले, वरचे सूर गेले ते गेले. कानातल्या यंत्राने बोलणं तेवढं समजेल. यंत्र मी घेतलंय. त्या दिवशी मात्र घरी येऊन खूप रडले. तुझ्यापाशी लपवून काय करू?

तुझी लेक मायाळू आहे. म्हणाली, "मावशी, वरच्या पट्ट्यांचा आवाज वाढवू या." तशी सोय असते. तिने स्पीकर लावून वाढवला आणि मला काहीतरी ऐकू आलं. पण तिने कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, आधी होतं तसं कर. बिघडलेत ते माझे कान. त्यांच्यासाठी सुरातला पियानो बिघडवायला मी कोणी नवशिकी आहे का?

मग म्हणाली, "तो रजईतला घे. त्याचे खालचे सूर तुला छान ऐकू येतात."

म्हणजे मला ऐकू येतो तेवढाच पियानो मी घ्यायचा? अर्धा? आपल्या बाबांनी अर्धा पियानो कधी लावला होता का?

मी तिलाच तिन्हींच्या वरच्या पट्ट्या ऐकायला लावल्या आणि तिला सगळ्यात गोड वाटला तो घेतला, पहिला, मोठा. सभागृहाचा घुमारा बंद करता येतो, तो केला. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत, पण ते कुठे आहेत हे माझ्या बोटांना पाठ आहे. ते मी वाजवणार. आणि हेडफोन काढून, स्पीकर लावून वाजवणार. शेजाऱ्यांना त्रास झाला तर दार ठोठावू देत. जोरात ठोठावलं तर ऐकू येईल.

तू म्हणशील, आता तरी ये. नाही, ताई. तुझ्या घरी सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतील, मला वेळेवर चहा देतील, आणि मी वाजवायला बसले की कोणीतरी हळूच म्हणेल, "ऐकू येत नाही तर कशाला वाजवते?" मला ते ऐकू येणार नाही, पण दिसेल. माझ्या घरात मला असं कोणी म्हणत नाही.

काल तासभर वाजवलं. शेवटी वरची पट्टी दाबली. बोटाला ती लागली, बाकी काहीच नाही. तिचा सूर विरायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबले. मग झाकण लावलं.

तूच ये, एका दिवसासाठी. ती पट्टी मी वाजवते, तू ऐक, आणि सूर पुरता विरला की मला खूण कर. मी बरोबर थांबते की नाही, ते मला बघायचंय.

तुझी धाकटी,
पियानो ट्यूनर