आकड्यातली माया

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा नमस्कार. तू कशी आहेस हे विचारणारच होतो, पण "ठणठणीत" याखेरीज दुसरं उत्तर तू आजवर दिलेलं नाहीस, तेव्हा शाई वाचवतो. आईने जाताना शिलाई मशीन मला दिलं, दागिने तुला दिले आणि साखरेचा आजार मात्र दोघांना सारखा वाटून दिला (न्यायी बाई होती). त्या आजाराबद्दल तू चकार शब्द लिहीत नाहीस. मीही लिहीत नव्हतो. पण भावोजींच्या नव्या शर्टाची एक बाही दोन बोटं लांब का, त्यांचा हात वाढला की माझी अक्कल घटली, असं तू विचारलंस. त्यामुळे आता सगळं सांगणं भाग आहे.

ताई, मला सुईत दोरा ओवता येईना. आधी मी दिव्याला दोष दिला, मग दोऱ्याला, मग सुया बनवणाऱ्याला. शेवटी तुझी भावजय रोज कामावर जाण्याआधी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायला लागली (एकविसावी लागली की मी गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगत असे). चाळीस वर्षं सुईवर पोट भरलेल्या माणसाला सुईच दिसेना, तर त्याने करायचं काय? दुकान बंद करावं लागेल या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुला म्हणून सांगतो, कापडाच्या तागांमागे बसून मी रडलोसुद्धा.

डॉक्टरांचा दवाखाना बसने दोन तासांवर. त्यांनी सांगितलं की वाढलेल्या साखरेने नजर धूसर झाली आहे, साखर आटोक्यात आली तर बरीचशी सुधारेल. मग साखर मोजायचं एक बोटभर यंत्र दिलं आणि म्हणाले की आमच्या सिस्टर दर सोमवारी आणि गुरुवारी फोन करतील, त्यांना आकडे सांगायचे. मी मनात हसलो. कापड हातात घेतल्याशिवाय मी कधी माप सांगितलं नाही, आणि ही बाई लांबून माझी साखर उतरवणार!

आता माझी चूक सांगतो, हसू नकोस. तुला ठाऊक आहे, आम्ही शिंपी शिलाईत माया ठेवतो, म्हणजे कापड थोडं जास्तीचं सोडतो, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. शिवाय जाड गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप वहीत खरं लिहायचं आणि तोंडाने मात्र दोन इंच कमी सांगायचं, ही माझी जुनी रीत. माणूस खूश होऊन घरी जातो. तेच मी साखरेला लावलं. यंत्राने दोनशे साठ दाखवले की मी फोनवर एकशे नव्वद सांगे. सत्तर मायेत गेले. सिस्टर "छान" म्हणायच्या, औषध तेवढंच राहायचं, आणि माझी सुई दिवसेंदिवस बारीक होत चालली होती.

चौथ्या आठवड्यात त्यांनी व्हिडिओवर यायला सांगितलं. हिने फोन दुकानातल्या बिनडोक्याच्या पुतळ्याला टेकवून ठेवला. सिस्टर म्हणाल्या, यंत्राचं डावीकडचं बटण दाबून पडदा मला दाखवा. दाबलं. तर त्या मेल्या यंत्राने महिन्याभराचे सगळे आकडे एकामागून एक ओकले! ते लक्षात ठेवतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझी बोबडी वळली. मग मी मायेचा सगळा प्रकार कबूल केला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, माया कापडात ठेवा. आकड्यात ठेवली की औषध तोकडं पडतं."

एवढ्यावर सुटलो असं वाटलं, तर म्हणाल्या, आता तळपाय दाखवा. बाहेर गिऱ्हाईक पँटच्या मापासाठी उभं आणि मी आत मोजा काढून पाय पुतळ्यापुढे उंच धरलेला. सिस्टरने विचारलं, टाचेपाशी चमकतंय ते काय? टाचणी होती. मोज्यातून आरपार शिरलेली, सकाळपासून कधी शिरली ते मला ठाऊक नाही, कारण मला काही टोचलंच नव्हतं. मी हसलो, त्या हसल्या नाहीत; साखरेने पाय बधिर झाला की जखम कळत नाही आणि एक दिवस पायच गमवावा लागतो, म्हणाल्या. त्यांनी तासाभरात जवळच्या दवाखान्यात धाडलं, डॉक्टरांशी बोलून औषध वाढवून घेतलं, आणि जेवणानंतर अर्धा तास चाललो की नाही ते दर फोनला विचारायला लागल्या. बटणांच्या डब्यात मी लपवलेली बिस्किटं त्यांना कशी कळली ते मी विचारलं नाही (घरभेदी माझ्याच घरात आहे).

अडीच महिने झाले. गेल्या गुरुवारी ही कामावर जायच्या घाईत होती आणि मी एक सुई स्वतः ओवली. तिसऱ्या खेपेला, पण माझा मी. ही दारातच थांबली आणि त्या दिवशी उशिरा कामावर गेली. शर्ट परत पाठव, बाही नीट करून देतो. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. शर्ट नाही पाठवलास तरी चालेल. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तुझ्या पायाच्या अंगठ्याची जखम दीड महिना भरत नाही आणि तू घरातसुद्धा मोजे घालून ती लपवतेस, असं तुझ्या सुनेने मला कळवलं. तिला बोलू नकोस, ती रडत होती.

ता. क. दुसरा. तुझा नंबर मी सिस्टरना दिला आहे. सोमवारी सकाळी अकराला फोन येईल, व्हिडिओवर. सून फोन धरेल, तू मोजा काढायचास. हवं तर मला जन्मभर शिव्या घाल, पण फोन उचल. मला बहीण एकच आहे ताई, आणि ती मला दोन्ही पायांवर चालत माझ्या दारात आलेली पाहायची आहे.