बोट सरळ चढवायची आहे

११ एप्रिल, शुक्रवार

आजपासून रोज लिहायचं. डायरी गेल्या वर्षीची आहे, खताच्या दुकानातून मिळालेली. वार जुळत नाहीत. खोडून लिहीन.

सोमवारी कालव्याला पाणी सुटणार. म्हणजे येडगावच्या धरणाचं पाणी रोज उतरणार. त्याआधी आपली बोट बाहेर काढून डिंभ्याच्या धरणावर न्यायची, तिथं पाणी टिकतं. बायकोच्या, म्हणजे सारजाच्या, बचत गटानं मे महिन्याच्या सहली तिथं ठरवल्यात. पहिली एक तारखेला, मंचरच्या बायकांची. सारजानं शब्द दिलाय.

काम सोपं आहे. आपली बोट पॉन्टून, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब नळ्या, त्यावर सपाट फळ्या, खुर्च्या आणि छप्पर. ट्रॅक्टरला ट्रेलर जोडायचा, उतारावरून उलटा पाण्यात घालायचा, बोट सरळ त्यावर आणायची आणि ओढून घ्यायची. अर्धा तास. एस.टी.त एकतीस वर्षं बस चालवली, एकही अपघात नाही. उद्या सकाळी सहाला.

१२ एप्रिल, शनिवार

सहाला जाग आली नाही. रिटायर माणसानं झोप पुरी करावी असं डॉक्टरच सांगतात. अकराला पोचलो.

रिव्हर्स घेताना बसचं स्टिअरिंग जिकडं फिरवावं तिकडं तिची मागची बाजू जाते. हा ट्रेलर बरोबर उलट जातो. जोड नीट बसवलेला नसणार. आठ-नऊ वेळा पुढं-मागं केलं. शेवटी गेला पाण्यात, पण आडवा.

बोटीवर बहिरू होता. आहुप्याकडचा, दोन वर्षं आपल्याकडं बोट चालवतो. त्यानं बोट आणली तर वाऱ्यानं ती बाजूला सरकली. एक नळी ट्रेलरवर, एक पाण्यात. खुर्च्या घसरून एका कोपऱ्यात. बहिरू म्हणाला, सकाळी वारं नसतं, भाऊ, सकाळी काढू. वाऱ्याचा काही संबंध नाही असं मी त्याला समजावून सांगितलं.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. अमेरिकेतला एक माणूस एका हातात चहा घेऊन हेच काम करतो. त्याचा उतार रुंद आहे. तसा असता तर मीही केलं असतं.

विचार करून निष्कर्ष काढला की ट्रेलर जास्त खोल घालायला पाहिजे, म्हणजे बोट मोकळी तरंगेल. दुपारी ट्रॅक्टरची मागची चाकं निम्मी बुडेपर्यंत घातला. बोट मोकळी तरंगली. इतकी मोकळी की ट्रेलरच्या वर गोल फिरली. ओढून घेतल्यावर हातभर तिरकी बसली. पुन्हा पाण्यात सोडली.

सारजा काठावर उभी होती. म्हणाली, ट्रेलर कमी बुडवा. ट्रेलरवरच्या लाकडाच्या पट्ट्यांवर थोडं पाणी असलं की बोट आपसूक त्यावर येऊन बसंल, जास्त झालं की भरकटंल. मी म्हणालो, बघू. तिनं बोट कधी चालवलेली नाही. मीही नाही, पण मी वाहन क्षेत्रातला माणूस आहे.

१४ एप्रिल, सोमवार

पाणी सुटलं. आज सुट्टी, त्यामुळं काठावर बघे फार. एकजण म्हणाला, पावणं, व्हील उलटं फिरवा की. लोकांना सल्ला द्यायला काय जातं. इतक्या लोकांसमोर नाजूक काम करू नये म्हणून परत आलो.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे.

१५ एप्रिल, मंगळवार

साडेआठला उठलो. नवी आयडिया. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना उभे पाईप लावायचे, म्हणजे बोट त्यांच्यामधूनच येणार. तिरकी व्हायला जागाच नाही.

मंचरला वेल्डरकडं ट्रेलर घेऊन गेलो. कांद्याच्या गाड्यांनी हायवे भरलेला. जाऊन-येऊन दिवस गेला, पण पाईप एकदम मजबूत. सारजानं विचारलं, आज किती पाणी उतरलं? मी म्हणालो, त्याची काळजी करू नकोस.

१६ एप्रिल, बुधवार

बोट पाईपांच्या मध्ये मावत नाही. वीतभर कमी पडतंय. वेल्डरनं ऐकण्यात चूक केली असणार. माप मी दिलं होतं, पावलांनी मोजून, पण माझं पाऊल ठरलेलं आहे.

थोडा जोर लावला. बोटीचं रेलिंग वाकलं. बहिरू उतरून बिडी ओढत बसला. मला त्याचं हे बसणं आवडलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

कंबर धरली. विश्रांती. बहिरूनं एकट्यानं दोन्ही पाईप कापून टाकले. फोन करून सांगितलं की सिमेंटचा उतार आता संपत आलाय, त्याच्या पुढं नुसता गाळ हाय.

सारजा गटाच्या मीटिंगला जाऊन आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, सगळ्या विचारत होत्या, मी सांगितलं की हे करतायत. मग भाकरी थापता थापता म्हणाली, एक दिवस ट्रॅक्टर माझ्याकडं द्या. मी हसलो. शांतपणे सांगितलं की शेतात नांगर फिरवणं वेगळं आणि ट्रेलर रिव्हर्स घेणं वेगळं. ती भाकरी थापत राहिली. पटलं असावं.

१८ एप्रिल, शुक्रवार

कंबर. पण डोकं चालू आहे. रविवारी नक्की.

१९ एप्रिल, शनिवार

तब्येत ठीक. आज गेलो असतो, पण रविवार ठरला होता. ठरलेलं मोडू नये.

२० एप्रिल, रविवार

सगळं लिहितो.

सकाळी सहाला तिघं काठावर. वारा अजिबात नव्हता. पाणी काचेसारखं, पण फार खाली गेलेलं. मी ट्रॅक्टर मागं घेतला. ट्रेलर डावीकडे. पुन्हा घेतला. पुन्हा डावीकडे. चौथ्या वेळी ट्रेलरचं चाक उताराच्या कडेवरून खाली गेलं. इंजिन बंद करून मी तसाच बसलो.

सारजा जवळ आली. पदर खोचला होता. म्हणाली, उतरा. मी म्हणालो, तुला जमायचं नाही. तेव्हा ती बोलली, आवाज न चढवता.

"तुमी मुक्कामी गाडीवर असायचा तवा कांद्याची ट्रॉली बराखीत कोण लावत व्हतं?"

मला वाटायचं, गडी लावत असेल. बराखीचं, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीचं, दार ट्रॉलीपेक्षा हातभरच रुंद आहे. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही.

उतरलो. तिनं ट्रॅक्टर पुढं काढला, स्टिअरिंगला खालून हात लावला, मान वळवली आणि एका दमात ट्रेलर मागं आणला. उताराच्या मधोमध, दोरी लावल्यासारखा. थांबली ती सिमेंट संपलं तिथं. त्याच्या पुढं चाक घातलं असतं तर ट्रॅक्टरच रुतला असता.

बोट तिथून पंधरा-वीस फुटांवर होती, घोटाभर पाण्यात, नळ्या गाळात. बहिरू आणि मी ढकलायला लागलो. मी गुडघ्यापर्यंत गाळात गेलो. बोट हलली नाही. थोड्या वेळानं बहिरू हात सोडून म्हणाला, "न्हाई यायची आता, भाऊ. चार दिस आधी आली असती."

सारजानं इंजिन बंद केलं. उतरून पाण्याकडं बघत उभी राहिली. मला वाटलं बोलेल. तिनं विचारलं, पाय धुवायला घागर भरून देऊ का.

२१ एप्रिल, सोमवार

वेल्डरला, वाऱ्याला, उताराला कोणालाच दोष द्यायचा नाही असं ठरवलंय. जमेल का माहीत नाही.

दुपारी सारजानं मंचरच्या बायकांना फोन केले. एकेकीला सांगत होती, यंदाची सहल होत नाही, पावसाळ्यानंतर बघू. कोणीतरी कारण विचारलं. मी शेजारीच ओट्यावर बसलो होतो. आता माझं नाव येणार म्हणून खाली मान घातली.

ती म्हणाली, "पाणी लई लवकर गेलं बघा."

प्रत्येकीला तेच सांगितलं. पाच फोन झाले. पाचव्यानंतर उठून आत जावं असं वाटलं, पण गेलो नाही.