धुऱ्यावरची लाट

बाबा, तुमचा राग येऊन राह्यला. बापाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर त्याच्यावर चिडणं बरं नाही, पण आता चिडलोच आहे तर नीट चिडतो.

सध्या बोरी अरबच्या बाजूला आहे. जमिनीखालचे थर तपासणाऱ्या लोकांसोबत वायरी ओढायचं काम करतो. त्याआधी ट्रकवर होतो, त्याआधी ढाणकीत सोयाबीनच्या अडतीवर, त्याआधी... जाऊ द्या, ही जंत्री तुम्हाला कधीच आवडली नाही. इथलं काम असं, की जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी प्लेटवर घण हाणायचा आणि त्याची लाट माती, मुरूम, खडक ओलांडून परत येते ती यंत्रानं ऐकायची. घण मारणारे चाचा आपल्या दारव्ह्याचेच, पूर्वी त्यांचं गॅरेज होतं. जेवताना गिऱ्हाइकांचे असे किस्से सांगतात की, तेही राहू द्या. परवा आमच्या मॅडम लॅपटॉपवर गणित लावता लावता सहज म्हणाल्या, "थराच्या आत काय होतं ते सोपं असतं रे. सगळी गंमत सीमेवर असते." मी वायर हातात धरून तसाच उभा. चाचा ओरडले, "अबे, ओढतो का पूजा करतो तिची?"

काय करू, हे मी आपल्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं. ओट्याजवळची भिंत तुम्ही काळी रंगवली होती. कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवून आले की चहाचा कप हातात घेऊन तिथंच खडूनं गणित मांडत उभे राहायचे. मी विचारलं होतं, हे काय करून राह्यले? तुम्ही म्हणाले, "वावरात लाट कशी चालते ते कोणीबी सांगते. धुऱ्यावर आली का काय करते, थे पाह्य." बांधापलीकडं दुसऱ्या वावराची माती वेगळी, मग थोडी लाट पलीकडं जाणार, थोडी मागं फिरणार. एवढंच मला कळलं, आणि पुढं काही कळावं असं वाटलंही नाही. मी सायकल काढून पळालो असेन.

आणि संध्याकाळी तुम्ही ओलं फडकं घेऊन सगळं पुसायचे. कागदावर उतरवायचं नाही, दुसऱ्या दिवशी कालचं न आठवता पहिल्यापासून मांडायचं, मन भरेपर्यंत रोज. मग कुठं ते कागदावर येऊन लेख म्हणून छापायला जायचं. आई कावायची, "मी पोळ्या करून अशा पुसून टाकल्या तं चालन का तुमाले?" तुम्ही हसून म्हणायचे, "पुन्हा तेच आलं तं खरं. नाही आलं तं काल मी खोटा होतो." मला मात्र हसून बोलले नाहीत कधी. शाळा सोडली तेव्हा म्हणाले, "तुले एकच गोष्ट दुसऱ्यांदा करता येत नाही." ते अजून टोचतं, कारण ते खरं आहे.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तुम्ही मला हाक मारून भिंतीपाशी उभं केलं. "पाह्य, किती लहान झालं!" वर सगळी गर्दी आणि खाली एक आखूड ओळ. संध्याकाळी तीही पुसली. दोन-तीन दिवसांनी कॉलेजातच तुम्ही कोसळले. तुम्हाला स्मशानात पोचवून आम्ही घरी आलो, तर भिंत कोरी.

मॅडमना हे सांगितलं. त्यांनी तुमचं नाव शोधलं आणि माझ्याकडं बघतच राहिल्या. "हे तुझे वडील? अरे, आपण वापरतो ती पद्धत परदेशातल्या ज्या माणसाच्या नावानं चालते, त्यांनी आपल्या लेखाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की सीमेपासून सुरुवात करायची कल्पना यांच्या लेखातली. भूकंपवाले, धरणवाले, सगळे वापरतात. शेवटचं सूत्र तेवढं त्या परदेशातल्या माणसाचं."

"नाही मॅडम. थेबी बाबाचंच व्हतं. मी भिंतीवर पाह्यलं."

"मग कळव त्यांना! सज्जन आहेत, उत्तर देतील. काय होतं भिंतीवर?"

काय होतं, बाबा? एक आडवी रेघ, बाजूला काहीतरी आकड्यासारखं वाकडं. अख्ख्या जगात ती ओळ पाहणारा मी एकटा, आणि तुम्ही काय माणूस निवडला! एक रात्र ठेवली असती तशीच. दारव्ह्यात आजही लोक तुम्हाला बारावीचे डाऊट सोडवणारे सर म्हणून ओळखतात आणि मी कोणाला काही पटवूही शकत नाही.

काल त्या माणसाला लिहायला बसलो. 'माझ्या वडिलांनी हे आधीच' इथपर्यंत आलो आणि पुढं हात चालेना. मॅडमनी त्याचं सूत्र मला दाखवलं होतं. तेही आखूडच आहे. ते तुमचंच असावं असं मला इतकं वाटतं, की ते तुमचं आहे का हे मला सांगता येत नाही. म्हणून मग हे तुम्हाला लिहीत बसलो, आणि हे तर कुठंच पाठवता येत नाही.

आज सकाळी मॅडमनी विचारलं, "पाठवलंस का?" मी म्हणालो, "रेंज नव्हती." शेजारीच चाचांच्या फोनवर कव्वालीचा व्हिडिओ न अडकता चालला होता. चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि आवाज कमी केला.