बंगला विकायचा आहे, भाऊजी

प्रिय विश्वास भाऊजी,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "वहिनी, बिल्डर फार त्रास देतात का हो?" मी हो म्हणाले. ते खोटं होतं. त्यांना मीच बोलावते.

हे गेल्यापासून बडोद्याहून तुमचं एकच सांगणं असतं, "दादानं बांधलेलं घर आहे, विकायचं नाही. रिटायर झालो की येऊन वर एक मजला चढवतो." निम्मं घर तुमच्या नावावर, त्यामुळे मी मान डोलावते आणि फोन ठेवला की घरभर येरझाऱ्या घालते.

महात्मानगरातल्या आपल्या गल्लीत आता शेजार उरलेला नाही. सगळे बंगले पाडून टॉवर उठताहेत. दिवाळीनंतर मी अंगणात पडले, ते तुम्हाला कळवलं नाही. कंबर हलेना. हाका मारल्या, पण बांधकामाच्या आवाजात ऐकणार कोण? शेवटी सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं उठवलं.

परवा गंगापूर रोडला एक फ्लॅट बघितला. लिफ्टमध्ये एक बाई म्हणाल्या, "नवीन आलात का? संध्याकाळी खाली या, आम्ही सगळ्या बसतो." मला रडूच आलं.

हे लिहीत असतानाच तुमचा फोन आला. "रविवारी इंजिनिअरला घेऊन येतो, वहिनी."

"तुम्ही या, भाऊजी. इंजिनिअर नको. मला हे घर विकायचंय."

 तुम्ही म्हणालात, "एकट्या पडलात का हो?"

आता हे पत्र टाकायची गरज नाही.

तुमची,
मालिनीवहिनी