मी दाखवलेलं नाव

तिरोडा, १४ डिसेंबर २०१२

रविता, मामानं भाचीच्या पाया पडायची आपली रीत, म्हणून तुझ्या पाया पडतो.

काल इंटरनेटच्या कायद्याविरुद्ध मोर्चा निघाला. आमदाराविरुद्ध लिहिल्यापायी तुला दोन दिवस कोठडीत ठेवलं, म्हणून माइक माझ्या, तुझ्या मामाच्याच, हाती दिला. तुझी आई ओरडली, "बोल न भाऊ, सरकारले सारं दिसते!" मी माइक शेजारच्याच्या हाती दिला.

सरकारला काही दिसलं नव्हतं. तू माझ्याच सायबर कॅफेतून, पण नाव बदलून लिहिलं होतंस. हवालदार कॅफेत आला आणि एवढंच म्हणाला, "लायसन ठेवायचं न?" गिऱ्हाइकांचं रजिस्टर उघडून तुझ्या नावावर बोट मीच ठेवलं.

आज नागपूरहून तुझा फोन आला. "मामाजी, घरचा फोन कोणी आयकत असन. आता तुमालेच लावीन जी."

मी हो म्हणालो.

तुझा मामा,
उदाराम