पट्टा काढून बोलायचं

आबा, काल नातवानं मला पेचात पकडलं. साफा बांधलेला तुमचा फोटो बघून म्हणाला, "हे निजामाच्या घोडदळात, रिसाल्यात जमादार होते ना? मग नक्की कुणाच्या बाजूचे?" एका शब्दात सांगता येईना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुमची रीत त्याला कशी समजवावी? वरच्याचा हुकूम पटला नाही की तुम्ही सलाम ठोकून परवानगी मागायचात, कमरेचा पट्टा काढून हातावर घ्यायचात आणि मनात असेल ते बोलायचात. ऐकलं तर ठीक, नाहीतर पट्टा पुन्हा बांधून, जणू तुम्हालाच सुचलं होतं अशा हौसेनं ते काम करायचात. आई म्हणायची, "घरी तर पट्टा खुंटीलाच असतोय, तरी माझ्याम्होरं शब्द फुटत न्हाई!"

मग हैदराबादहून ते कोवळे कप्तानसाहेब आले आणि त्यांनी तुमची घोडी म्हातारी ठरवून लिलावात काढली. शिंगरू असल्यापासून तुम्ही तिला वाढवलेलं. आमच्याआधी तिला चारा पडायचा. तुम्ही चुलीपाशी बसून आईला सांगताय, "पट्टा काढून बोललो. लय बोललो. साहेब न्हाई म्हनले." आई भाकरी थापायची थांबलीय. दुसऱ्या दिवशी घोडीला खरारा करून, स्वतः लगाम धरून तुम्हीच लिलावाला नेलीत. मूळचे वालूरचे, परभणीत सरकीचं दुकान असलेले एक शेठजी तिला टांग्यासाठी घेऊन गेले. संध्याकाळी दोन शिपाई आपल्या ओसरीवर साहेबांची नक्कल करायला लागले, मीही खिदळले, तेव्हा तुम्ही कडाडलात, "साहेबाला नावं ठिवायची न्हाईत. पटत नसंल तर त्यायच्या तोंडावर बोला. माझ्या घरात हा हुकूम हाय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी तुमची भाकरी घेऊन मैदानावर आलेय. रिसाला कवायतीला येतोय, सगळ्यात पुढं कप्तानसाहेब, आणि सगळ्यात मागं तुमच्या घोडीचा टांगा! बिगूल कानावर पडला आणि ती बाजारातून वळली ती थेट रिसाल्यामागं. शेठजी "आरं, धरा की कुनी!" म्हणून ओरडतायत, शेठाणीबाई वांग्यांची टोपली पोटाशी धरून बसल्यात. घोडी मैदानावर आली आणि आपल्या जुन्या जागी, टांग्यासकट, रांगेत उभी राहिली. शिपाई हसून लोळायचे तेवढे बाकी होते. तुम्ही मात्र ताठ, आणि डोळे पाण्यानं भरलेले.

कप्तानसाहेब खाली उतरले. सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःचा पट्टा काढला आणि म्हणाले, "जमादार, गलती हमारी थी." तुमची तर भंबेरीच उडाली. "साहेब, आदी पट्टा बांधा! समदे बघायलेत!" साहेब शेठजींकडं घोडी परत मागायला गेले, तर शेठजीच आडवे लागले. "आता न्हाई द्यायची! हिच्यापायी आज परभणीभर नाव झालं माझं." शेवटी साहेबांनी पट्टा बांधला आणि हुकूम सोडला, दर बाजाराला जमादारानं या घोडीचे खूर तपासायचे. असला खणखणीत सलाम तुम्ही खुद्द निजामालाही ठोकला नसता. घरी आल्या आल्या आईला म्हणालात, "बघ, असा साहेब पायजे!" आणि त्या दिवशी भाकरीऐवजी शिरा झाला. मी इतकी आनंदात होते की ताट चाटून पुसून घेतलं.

इथवर लिहिलेलं आताच नातवाला वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला. हे पत्र टाकायला पेटी कुठली, राहील इथंच माझ्या उशाखाली. पण आबा, घोडी काही परत आली नाही; तरी तुम्ही त्या साहेबांना एका दमात माफ केलंत, मला नाही जमलं. तुमचा हुकूम म्हणून मी आजवर त्यांना एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. तुमच्या तोंडावर बोलायचं मात्र राहून गेलं, ते आज बोलते: तो हुकूम मला पटला नव्हता.